रिपोर्टमधले ‘नॉर्मल व्हेरिअंट’ हे दोन शब्द: यकृताच्या निरोगी वेगळेपणाविषयी

पोटाची सोनोग्राफी होते, रिपोर्ट हातात पडतो आणि डोळे नेमके न कळणाऱ्या ओळीवर जाऊन थांबतात. ‘रीडेल लोब’. ‘फोकल फॅटी स्पेअरिंग’. ‘ॲक्सेसरी फिशर’. सगळीच नावं आजाराची वाटतात. त्याच ओळीत पुढे ‘नॉर्मल व्हेरिअंट’ असंही लिहिलेलं असतं, पण तिथवर पोचेपर्यंत छातीत धस्स झालेलं असतं. मला वाटतं, ओळीतले हेच दोन शब्द सर्वांत आधी वाचावेत. त्यांचा अर्थ ‘थोडासा आजार’ असा नाही आणि ‘सध्या ठीक, पुढचं सांगता येत नाही’ असाही नाही. तुमचं यकृत पुस्तकातल्या चित्रापेक्षा वेगळं आहे आणि तरीही निरोगी आहे, एवढंच ते सांगतात.

पुस्तकातलं चित्र सगळ्यांच्या ओळखीचं असतं. बरगड्यांच्या आड, उजव्या बाजूला बसलेला, सुमारे दीड किलोचा, पाचरीसारखा अवयव. उजवीकडे जाड, डावीकडे निमुळता होत गेलेला. मधून एक बंध, खाली पित्ताशय. हे चित्र खोटं नाही, पण ते कुणा एका माणसाचंही नाही. अनेक माणसांत जे जास्त वेळा आढळतं, ते एकत्र करून काढलेलं आहे. आपल्याकडे ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ म्हणतात ते स्वभावाबद्दल. यकृताच्या बाबतीत ते शब्दशः लागू पडतं.

इतका फरक येतो कुठून? एक कारण यकृताच्या पोतात आहे. हा अवयव हाडासारखा ताठ नाही, मऊ आहे. वरून श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा), मागून उजवं मूत्रपिंड, डावीकडून जठर, खालून मोठं आतडं, असे शेजारी त्याला चहूबाजूंनी टेकलेले असतात. जिथे जागा मिळते तिथे यकृत पसरतं, जिथे दाब येतो तिथे त्यावर खळगा उमटतो. शेजाऱ्यांची मांडणी प्रत्येकाच्या पोटात थोडी वेगळी, म्हणून यकृताचा घाटही वेगळा.

दुसरं कारण जन्मापूर्वीचं. गर्भाच्या पोटात यकृत फार मोठं असतं आणि नाळेतून येणारं रक्त थेट त्याच्यातून वाहतं. जन्मानंतर नाळ तुटते, ती शीर आटते आणि तिचा दोरखंडासारखा गोल बंध होतो. डावा खंड तुलनेने आक्रसतो. सुरुवातीच्या काही रक्तवाहिन्या नाहीशा होतात, काही टिकतात. कुठली टिकेल आणि कुठली जाईल, हे सगळ्यांत सारखं घडत नाही. मोठेपणी स्कॅनमध्ये दिसणारे बरेचसे फरक हे या घडामोडींचे माग आहेत.

आधी आकाराचे फरक पाहू. सर्वांत जुनं आणि प्रसिद्ध उदाहरण रीडेल लोबचं. बर्नहार्ड रीडेल या जर्मन शल्यविशारदाने १८८८ साली त्याचं वर्णन केलं. यकृताच्या उजव्या खंडाची कड जिभेसारखी खाली उतरलेली असते, कधी कधी पार कमरेच्या हाडापर्यंत. हा प्रकार स्त्रियांमध्ये जास्त आढळतो. त्या काळी पोटात डोकावण्याचं साधन नव्हतं. डॉक्टर हाताने पोट चाचपायचे, उजव्या बाजूला काहीतरी घट्ट लागायचं, आणि ती मूत्रपिंडाची किंवा पित्ताशयाची गाठ असावी अशी शंका यायची. आज सोनोग्राफीत या जिभेचा पोत बाकीच्या यकृतासारखाच दिसतो, यकृताच्या रक्तवाहिन्या अखंडपणे तिच्यात उतरलेल्या दिसतात आणि शंका फिटते. तरी एक घोटाळा राहतोच. यकृताची उजवीकडची लांबी मोजली की आकडा मोठा येतो आणि ‘यकृताला सूज’ असं लिहिलं जाण्याची शक्यता असते. यकृत सुजलेलं नसतं. लांबी एका बाजूला वाढलेली असते, एकूण आकारमान वाढलेलं असेलच असं नाही. केवळ एका मापावरून ‘यकृत मोठं झालंय’ म्हणणं मला म्हणूनच घाईचं वाटतं.

याच्या उलट बाजूचा प्रकार म्हणजे बीव्हर टेल. बीव्हर या प्राण्याच्या चपट्या शेपटीवरून हे नाव पडलं. इथे डावा खंड लांबत जाऊन पोटाच्या डाव्या बाजूला असलेल्या प्लीहेला (स्प्लीनला) वळसा घालतो. एरवी त्याचं कुणाला काही वाटायचं कारण नाही. पण अपघातानंतर तातडीने केलेल्या सोनोग्राफीत तो खरोखर फसवू शकतो. यकृत सोनोग्राफीत प्लीहेपेक्षा किंचित काळपट दिसतं. प्लीहेभोवती काळपट पट्टा दिसला की प्लीहा फाटून रक्त साचलं असावं, असं वाटणं साहजिक आहे. अशा वेळी रुग्णाला श्वास घ्यायला सांगून पाहतात. श्वासाबरोबर यकृताची ती शेपटी प्लीहेवरून सरकते आणि तिच्या आत शिरा दिसतात; साचलेल्या रक्तात शिरा नसतात.

यकृताच्या माथ्यावर काही जणांत खोल चऱ्या असतात. श्वासपटलाचे स्नायू आत दाबले गेल्याने त्या पडतात, आणि खोल श्वास घेतला की जास्त उठून दिसतात. त्यांनाच ‘ॲक्सेसरी फिशर’ म्हणतात. दोन चऱ्यांमधला भाग एका कोनातून गोल गाठीसारखा भासतो. प्रोब, म्हणजे पोटावर टेकवायचं सोनोग्राफीचं उपकरण, फिरवला की गाठ नाहीशी होऊन लांबट पन्हळ दिसू लागते. वर सांगितलेल्या गोल बंधाचंही तसंच. त्याच्याभोवती चरबी असते, त्यामुळे आडव्या छेदात डाव्या खंडात एक पांढराशुभ्र ठिपका चमकतो. उभा छेद घेतला की त्याच ठिपक्याची रेघ होते. सोनोग्राफी करणारे डॉक्टर एकाच जागी पुन्हा पुन्हा प्रोब फिरवतात, कूस बदलायला लावतात, श्वास रोखायला सांगतात, तेव्हा ‘काहीतरी सापडलं वाटतं’ असं मनात येतं. बहुतेक वेळा ते ठिपक्याची रेघ होते का, हेच पाहत असतात.

पुच्छखंड नावाचा एक लहानसा खंड यकृताच्या मागच्या बाजूला असतो. त्याला कधी खाली एक बोंडासारखा फुगवटा असतो. सीटी स्कॅनच्या आडव्या कापांमध्ये तो यकृतापासून सुटा, स्वादुपिंडाच्या डोक्याजवळ तरंगल्यासारखा दिसतो आणि वाढलेल्या लसिकाग्रंथीचा (लिम्फ नोडचा) भास होतो. कॅन्सरच्या रुग्णात असा भास महागात पडेल, कारण लसिकाग्रंथी धरली तर आजाराची पायरीच बदलते. संगणकावर तीच चित्रं उभ्या छेदात मांडली की बोंड आणि खंड यांना जोडणारा भाग दिसतो.

यकृताच्या बाहेरचं, पण यकृताशी जोडलेलं एक उदाहरण इथे सांगायलाच हवं. मोठं आतडं कधी कधी यकृत आणि श्वासपटल यांच्यामध्ये शिरून बसतं. १९१० साली व्हिएन्नात काम करणारे रेडिओलॉजिस्ट डेमेट्रियस चिलायडिटी यांनी क्ष-किरण चित्रांतली त्याची खूण नोंदवली, म्हणून तिला त्यांचं नाव मिळालं. आतड्यात वायू असतो. त्यामुळे छातीच्या साध्या एक्स-रेमध्ये श्वासपटलाखाली काळी पोकळी दिसते, आणि आतडं फुटून पोटात हवा सुटली की अगदी अशीच पोकळी दिसते. एकाला काहीच करायचं नाही, दुसऱ्याला तातडीने शस्त्रक्रियेच्या टेबलावर घ्यायचं, इतका फरक. पोकळीत आतड्याच्या वळ्या दिसल्या तर ती सुटी हवा नव्हे. आणि संपूर्ण मांडणीच आरशातल्यासारखी उलटी, यकृत डावीकडे व हृदय उजवीकडे, अशीही माणसं असतात. सुमारे दहा हजारांत एक. त्यांतले पुष्कळजण धडधाकट असतात आणि दुसऱ्याच कशासाठी केलेल्या तपासणीत त्यांना हे पहिल्यांदा कळतं.

आता ज्या शब्दांनी मला वाटतं सर्वांत जास्त लोकांची झोप उडते, त्यांच्याकडे येऊ: ‘फोकल फॅटी स्पेअरिंग’. फॅटी लिव्हर स्वतः व्हेरिअंट नाही, हे आधीच सांगतो. यकृतात चरबी साठणं हा लक्ष देण्याजोगा बदल आहे आणि त्यावर डॉक्टरांशी बोलायलाच हवं. पण ती चरबी सगळीकडे सारखी साठत नाही. काही ठरावीक कोपरे कोरे राहतात. सोनोग्राफीत चरबी पांढरी दिसते. पांढऱ्या यकृतात एक कोरा कोपरा राहिला की तो काळा डाग दिसतो. गंमत अशी, की डाग वाटणारा तो भागच यकृताचा धडका भाग असतो आणि बदल भोवतालच्या भागात झालेला असतो.

कोरे राहणारे हे कोपरे बहुधा ठरलेले असतात: पित्ताशयाच्या लगतचा भाग, मधल्या विळ्याच्या आकाराच्या बंधाजवळचा भाग आणि रक्तवाहिन्या यकृतात शिरतात त्या दाराजवळचा भाग. याचं कारण रक्तपुरवठ्यात आहे. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून येतं. ही शीर आतड्यांतून, जठरातून, स्वादुपिंडातून आणि प्लीहेतून रक्त गोळा करून आणते, म्हणजे अन्नातून शोषलेलं पुष्कळ काही आणि इन्शुलिन हिच्याबरोबर येतं. पण वर सांगितलेल्या कोपऱ्यांना लहान लहान वेगळ्या शिरा मिळतात. काही पित्ताशयाच्या भिंतीतून येतात, काही जठराच्या बाजूने, आणि काही पोटाच्या पुढच्या भिंतीतून. या शेवटच्या शिरा ‘सापे’ नावाच्या फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जातात. घराला नळाचं मुख्य पाणी असावं आणि एका मोरीला मात्र विहिरीचं यावं, तसं हे आहे. वेगळं रक्त आलं की पेशींत चरबी साठण्याचं प्रमाणही वेगळं. कधी ती तिथे कमी साठते, तर कधी बाकी यकृत निरोगी असताना नेमकी तिथेच साठते. हे दुसरं चित्र पहिल्याच्या बरोबर उलटं.

गाठ नाही हे कसं ठरवतात? जागा ओळखीची असते. आकार गोल नसतो, नकाशातल्या प्रदेशासारखा वेडावाकडा, कडा सरळ कापल्यासारख्या असतात. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे शिरा. गाठ शेजारच्या शिरांना ढकलते, वाकवते, दाबते. इथे शिरा त्या भागातून आरपार सरळ गेलेल्या दिसतात, जणू तिथे काही नाहीच.

तरीही शंका उरली तर एमआरआय कामी येतं. त्यामागची युक्ती मला फार सुंदर वाटते. चुंबकीय क्षेत्रात पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनची केंद्रकं किंचित वेगवेगळ्या गतीने घुमतात. गोल मैदानावर दोन धावपटू जवळजवळ सारख्या वेगाने पळत असतील, तर ते कधी एकमेकांच्या शेजारी येतील, कधी मैदानाच्या समोरासमोरच्या टोकांना असतील. १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) यंत्रात साधारण २.३ मिलिसेकंदांनी पाणी आणि चरबी असे समोरासमोर येतात आणि ४.६ मिलिसेकंदांनी पुन्हा जुळतात. यंत्र दोन्ही क्षणी चित्र घेतं. समोरासमोर असताना दोघांचे संकेत एकमेकांना खोडतात, म्हणून ज्या भागात पाणी आणि चरबी दोन्ही मिसळलेली आहेत तो भाग त्या क्षणीच्या चित्रात काळवंडतो. चरबी नसलेला कोपरा होता तसाच राहतो. सुई न टोचता, तुकडा न काढता, केवळ दोन चित्रांच्या तुलनेवरून चरबी कुठे आहे आणि कुठे नाही हे समजतं.

इथपर्यंतचे फरक ‘घाबरू नका’ या खात्यात जातात. रक्तवाहिन्यांचे आणि पित्तनलिकांचे फरक मात्र दुहेरी आहेत. रोजच्या जगण्यात त्यांचा काडीचाही त्रास नसतो, पण शस्त्रक्रियेची वेळ आली की ते आधी माहीत असणं फार महत्त्वाचं ठरतं.

बाहेरून बंधामुळे यकृताचे मोठा उजवा आणि छोटा डावा असे दोन भाग दिसतात. आतल्या रक्तपुरवठ्याची वाटणी वेगळी आहे. जेम्स कँटली या ब्रिटिश डॉक्टरांनी १८९७ साली दाखवून दिलं, की खरी सीमा पित्ताशयापासून मागच्या महाशिरेपर्यंत (हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेपर्यंत) जाणाऱ्या रेषेवर आहे. पुढे क्लोद क्विनो या फ्रेंच शल्यविशारदाने १९५७ साली यकृताची आठ विभागांत मांडणी केली. प्रत्येक विभागाला रक्त आणणारी स्वतःची फांदी आणि पित्त नेणारी स्वतःची नलिका. ‘सेगमेंट सहामध्ये’ असं रिपोर्टात लिहितात ते या मांडणीनुसार. या मांडणीमुळे यकृताचा नेमका एक भाग काढून बाकीचं शाबूत ठेवणं शक्य झालं.

पण आठ विभागांकडे जाणाऱ्या वाटा सगळ्यांच्या सारख्या नसतात. यकृताच्या धमनीचंच पाहा. अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ निकोलस मिशेल्स यांनी २०० शवविच्छेदनांवरून तिचे १० प्रकार पाडले. पुस्तकात दाखवतात ती रचना त्यांना ५५ टक्के देहांतच आढळली. १९९४ साली प्रत्यारोपणासाठी काढलेल्या १००० यकृतांची पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात हे प्रमाण सुमारे ७६ टक्के होतं. आकड्यांत अंतर आहे, तरी एक गोष्ट दोन्हींतून कळते: चारांतल्या साधारण एकाची तरी धमनी पुस्तकाप्रमाणे नसते. इतकी सर्रास आढळणारी गोष्ट दोष कशी म्हणायची?

शस्त्रक्रियेत मात्र ती विसरून चालत नाही. काही जणांत यकृताच्या डाव्या भागाची धमनी जठराच्या धमनीतून फुटते. जठराच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत जठराची ती धमनी मुळाशी बांधतात. फांदी लक्षात आली नाही, तर जठरावर उपचार करताना यकृताच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटेल. दुसऱ्या प्रकारात उजव्या भागाची धमनी आतड्याच्या मोठ्या धमनीतून निघून स्वादुपिंडाच्या डोक्यामागून वर चढते, आणि स्वादुपिंडाचं डोकं काढण्याच्या शस्त्रक्रियेत ती थेट सुरीच्या वाटेत येते. रेडिओलॉजिस्टने आधीच्या सीटीमध्ये लिहिलेली एक ओळ इथे रुग्णाला वाचवते. अशी ओळ लिहिताना कुणी कंटाळा करू नये, असं मला मनापासून वाटतं.

पित्तनलिकांत तर विविधता आणखी जास्त. उजवी आणि डावी नलिका सरळ एकत्र येऊन एक होते, ही पुस्तकी रचना साधारण ६० टक्के माणसांत असते. बाकीच्यांत उजव्या मागच्या भागाची नलिका डावीला जाऊन मिळते, किंवा तिन्ही एकाच ठिकाणी मिळतात, किंवा एखादी फार खाली, पित्ताशयाच्या नलिकेजवळ जोडली जाते. हा शेवटचा प्रकार दुर्बिणीने पित्ताशय काढताना जपावा लागतो, कारण ती नलिका पित्ताशयाची समजून कापली जाऊ शकते.

जिवंत माणूस आपल्या नातेवाइकाला यकृताचा भाग देतो, तेव्हा हे सगळं एकदम पणाला लागतं. दात्याची सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारं सीटी स्कॅन) होते, पित्तनलिकांचं एमआरआय होतं, आणि कापायची रेषा कुठून जाईल हे आधी चित्रांवर ठरतं. उजव्या भागातून महाशिरेत परस्पर उघडणारी एखादी जादा शीर असेल आणि ती पाच मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, तर ती सहसा घेणाऱ्याच्या शरीरात वेगळी जोडून देतात, नाहीतर त्या विभागात रक्त तुंबतं. कधी रचनाच अशी निघते की दाता पूर्ण निरोगी असूनही त्याचं यकृत घेता येत नाही. तसं कळलं तर दात्याने स्वतःला कमी लेखू नये. त्याच्या यकृतात काहीच खोट नसते, फक्त ते दोघांत सुरक्षितपणे वाटता येत नाही.

एक गोष्ट रोखठोक सांगायला हवी. ‘नॉर्मल व्हेरिअंट’ हा तपासून काढलेला निष्कर्ष असावा, शंका झटकायची सोय नसावी. मोठा पुच्छखंड काहींत जन्मतःच असतो, पण सिरॉसिसमध्येही (यकृत व्रणांनी घट्ट होत जाण्याच्या आजारातही) तो वाढतो, आणि यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा बंद पडल्या तरी वाढतो, कारण त्याचं रक्त थेट महाशिरेत जातं. मग यकृताचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खडबडीत, प्लीहा वाढली आहे का, शिरांतला प्रवाह कसा आहे, हे सगळं पाहूनच ठरवायचं असतं. चरबीचा कोरा कोपरा नेहमीच्या जागी नसेल, किंवा रुग्णाला आधी कॅन्सर झालेला असेल, तर कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट करणारं औषध) देऊन सीटी किंवा एमआरआय करायला सांगतात ते योग्यच आहे. तसंच, पाण्याची साधी गाठ किंवा हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची गाठ) यांना व्हेरिअंट म्हणत नाहीत. त्या बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, पण रचनेतला फरक आणि यकृतात वेगळं वाढलेलं काही, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रिपोर्ट वाचताना त्यांची गल्लत करू नये.

डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारावेत. हा व्हेरिअंटच आहे, हे कशावरून ठरवलं? आणि पुढे कधी पोटाची शस्त्रक्रिया झाली, तर हे सर्जनला सांगणं गरजेचं आहे का? दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर रिपोर्टची ती ओळ जपून ठेवावी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चित्रांची सीडी किंवा फिल्म टाकून देऊ नये. पाच वर्षांनी दुसऱ्या कुणाला तोच काळा डाग दिसेल, तेव्हा त्यांना जुन्या रिपोर्टमधल्या शब्दांपेक्षा जुनं चित्र जास्त सांगेल. दोन चित्रं शेजारी ठेवून डाग तिथेच, तेवढाच, तसाच आहे हे दिसलं, की पुढच्या बऱ्याच तपासण्या वाचतात.